खिशातील टॅबलेट हा फोनही असावा काय?

गावभेटीस निघालेल्या कार्यकर्त्याच्या पिशवीत पूर्वी मोजणीची टेप, नोंदवही, मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या आणि एखादी घडीपत्रिकांची चळत असे. आज त्याच पिशवीत टॅबलेट असतो, खिशात मोबाइल असतो आणि दोहोंच्या चार्जिंगच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या असतात. शेतकऱ्याचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. मुलाच्या शिक्षणासाठी घरात टॅबलेट आलेला असतो, बोलण्यासाठी साधा फोन असतो, आणि पिकाची नोंद करावयाची झाली म्हणजे यांपैकी कोणते यंत्र बांधावर न्यावे याचा विचार पडतो. यावरून एक प्रश्न सहजच उभा राहतो. खिशात मावणारे आणि इंटरनेट दाखविणारे जे यंत्र, त्यातच फोन असावा, की फोन निराळा ठेवावा?

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु जगातील एका मोठ्या कंपनीने या एका प्रश्नावर चार-पाच वर्षे घालविली, आणि ज्या वेळी तिने उत्तर बदलले त्या वेळी बराच उशीर झालेला होता. ती हकीकत ध्यानी घेतल्यास आपल्या निवडीला पुष्कळ मदत होण्यासारखी आहे.

फोन नसलेले यंत्र

फिनलंड देशातील नोकिया ही कंपनी त्या काळी मोबाइल फोनच्या धंद्यात जगात पहिली होती. याच कंपनीने मे २००५ मध्ये ‘नोकिया ७७०’ नावाचे यंत्र जाहीर केले व त्याच वर्षाच्या अखेरीस ते विक्रीस आणले. त्यास तिने ‘इंटरनेट टॅबलेट’ असे नाव दिले होते. लांबी १४१ मिलिमीटर, रुंदी ७९ मिलिमीटर, आवरणासह वजन २३० ग्रॅम आणि किंमत सुमारे ३५० युरो, असे हे यंत्र होते. त्याचा पडदा चार इंचांहून थोडा मोठा असून त्यावर ८०० गुणिले ४८० बिंदूंचे चित्र उमटे. त्या काळच्या फोनच्या इवल्या पडद्यांच्या मानाने हे मोठेच सुख होते. आतील संगणक-प्रणाली लिनक्सच्या जातीची, म्हणजे कोणासही उघडून पाहता येईल व सुधारता येईल अशी होती.

आश्चर्य असे की, फोन करणाऱ्या कंपनीच्या या यंत्रात फोनच नव्हता. सिम कार्ड घालण्यास जागा नव्हती. इंटरनेट हवे असेल तर वायफायच्या टप्प्यात जावे, नाही तर खिशातील दुसऱ्या मोबाइलला ब्लूटूथने जोडून त्याच्या द्वारे इंटरनेट घ्यावे, अशी योजना होती. थोडक्यात, हे यंत्र वापरणाराजवळ फोन असणारच, असे गृहीत धरलेले होते.

ही योजना अगदीच अविचाराची होती असे म्हणता येणार नाही. फोन एकदा यंत्रात घातला की त्याच्यामागे अनेक बंधने येतात. तो अहोरात्र जागा ठेवावा लागतो, कारण कोणाचा निरोप केव्हा येईल याचा नेम नसतो. त्याला वेगळा रेडिओ-संच, ॲन्टेना व त्यांच्या चाचण्या लागतात आणि त्यामुळे किंमत वाढते. शिवाय युरोप-अमेरिकेत फोन हे बहुतांशी सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फत विकले जात, आणि यंत्रात काय असावे व काय नसावे याविषयी त्या कंपन्यांचा शब्द चाले. फोन वगळला की यंत्र करणारा या साऱ्यातून मोकळा होई. खुल्या प्रणालीचे हौशी जाणकारही त्यामुळे संतुष्ट झाले.

जानेवारी २००७ मध्ये ‘एन ८००’ आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘एन ८१०’ ही पुढील यंत्रे आली. पहिल्यात समोर कॅमेरा होता. दुसऱ्यात सरकवून बाहेर काढावयाच्या कळा व जागा दाखविणारा जीपीएस होता. वायफाय असेल तेथे इंटरनेटवरून बोलण्याची सोयही या यंत्रांवर झाली. म्हणजे आवाज होता, श्रोता होता, पण वायफायचा टप्पा सुटला की दोन्ही नाहीसे होत. रस्त्यावर, बसमध्ये, शेतात हे यंत्र मुके होई. इ. स. २००८ मध्ये ‘एन ८१०’ ची एक आवृत्ती वायमॅक्स नावाच्या दूर पल्ल्याच्या बिनतारी जाळ्यासाठी काढण्यात आली. तथापि ते जाळेच मोजक्या ठिकाणी असल्याने २००९ च्या आरंभी ती आवृत्ती बंद करावी लागली.

मध्यंतरी बाजार बदलला

जानेवारी २००७ मध्येच अमेरिकेतील ॲपल कंपनीने आयफोन जाहीर केला व जूनअखेर तो विक्रीस आणला. त्यात फोन, इंटरनेट व संगीत ही तिन्ही एकत्र होती. विशेष म्हणजे त्याच कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचेच फोन नसलेले भावंड ‘आयपॉड टच’ या नावाने काढले. फोन असावा की नसावा या वादाची इतकी सरळ परीक्षा क्वचितच झाली असेल. एकाच घराण्यातील दोन यंत्रे, एकाला सिम कार्ड आणि दुसऱ्याला नाही! आयपॉड टच पुष्कळ खपला, मुलांच्या हाती तर तो फारच शोभला. तो स्वस्त होता व मासिक बिलाची कटकट त्याला नव्हती. परंतु मोठ्या माणसाने खिशात बाळगावयाचे यंत्र म्हणून आयफोनच मान्य झाला आणि मे २०२२ मध्ये आयपॉड टच बंद झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

नोकियानेही अखेर ऑगस्ट २००९ मध्ये ‘एन ९००’ जाहीर केला व त्यात फोन घातला. परंतु येथे फोनची किंमत काय असते तेही दिसून आले. पडदा चार इंचांहून साडेतीन इंचांवर आला. आरंभीच्या ‘७७०’ मध्ये १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी होती, ती येथे १३२० ची झाली. काम वाढले आणि वैरण कमी झाली! हे यंत्र रोज, आणि पुष्कळदा दिवसातून दोनदा, चार्जिंगला लावावे लागे. ज्यांना ते आवडले त्यांना फारच आवडले, परंतु बाजार तोवर दुसरीकडे वळला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपली वाट बदलून मायक्रोसॉफ्टची प्रणाली पत्करली आणि एप्रिल २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या स्वाधीन झाला. या पडझडीस कारणे अनेक होती. फोनविना काढलेल्या टॅबलेटांवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. तरीही हाती मोठा पडदा, खुली प्रणाली आणि सर्वांआधी सुरुवात असूनही केवळ ‘फोन निराळा’ या हट्टापायी मोलाची वर्षे गेली, हे नाकारता येत नाही.

पुढे एक मौजेची गोष्ट घडली. टॅबलेटला फोन जोडला गेला तसा फोनच फुगून टॅबलेट होऊ लागला. इ. स. २०१० मध्ये डेल कंपनीचा पाच इंची ‘स्ट्रीक’ आला. त्याच वर्षी सॅमसंगचा सात इंची ‘गॅलेक्सी टॅब’ आला. युरोपात व भारतात विकलेल्या या टॅबवरून फोन करता येई, तर अमेरिकेत विकलेल्या टॅबमधून ती सोय काढून टाकली होती. मात्र कानाला लावून बोलण्याची सोय त्यात नव्हती. एक तर कानात बोंडे घालावीत, नाही तर मोठ्या आवाजात बोलावे. चावडीसमोर उभे राहून सोसायटीच्या कर्जाविषयी असे बोलण्याची पाळी ज्याच्यावर येईल त्यालाच त्यातील अडचण समजेल. इ. स. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची ‘गॅलेक्सी नोट’ आला तेव्हा एवढे मोठे पाते कानाला कोण लावील म्हणून पुष्कळांनी हसून घेतले. आज त्याहून मोठ्या पडद्याचा फोन खेड्यातील किराणा दुकानदाराच्या हाती असतो आणि कोणी वळूनही पाहत नाही.

आपल्या देशातील अनुभव

५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी प्रकाशित झाला. पडदा सात इंची, स्मृती २५६ मेगाबाइट, बॅटरी २१०० मिलिअँपिअर-तासांची व इंटरनेट फक्त वायफायवर. ज्या महाविद्यालयात वायफाय होते तेथे त्याचा काही उपयोग होणार. ज्या गावात वायफाय ठाऊकच नव्हते तेथे तो उघडून ठेवलेले पुस्तकच राहणार, हे उघड होते. बाजारात विकण्यासाठी ‘यूबीस्लेट ७ प्लस’ नावाची जी सुधारित आवृत्ती सुमारे तीन हजार रुपयांस ठेवण्यात आली, तीत सिम कार्डाची व फोनची सोय केलेली होती. म्हणजे वर्षभराच्या आतच आपल्याकडेही उत्तर बदलले. युरोपातील गृहीत तेथेच लागू पडते, येथे नाही, हा यातील मुद्दा होय. ज्या घरात वायफाय आहे त्या घरासाठी फोनविना टॅबलेट हे सुख आहे. जेथे इंटरनेट येते ते केवळ मोबाइलच्या मनोऱ्यावरूनच, तेथे सिम कार्ड नसलेला टॅबलेट म्हणजे विहिरीवर बसविलेली पण वीजजोडणी नसलेली मोटार.

त्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि फोन व इंटरनेट यांतील जुनी भिंत आणखीच खचली. या सेवेत साधे बोलणेही फोर-जी जाळ्यावरून, इंटरनेटच्या इतर माहितीसारखेच तुकड्या-तुकड्यांनी जाते. त्यामुळे ‘टॅबलेटला इंटरनेट असावे, फोन नसावा’ हा भेद यंत्रशास्त्राच्या दृष्टीने फारसा उरलेला नाही. तो उरला आहे तो विक्रीच्या व परवानगीच्या दृष्टीने. आजही असे टॅबलेट विकले जातात की ज्यांत सिम कार्ड बसते, इंटरनेट चालते, परंतु कॉल लागत नाही. घेणाऱ्याने हे पेटीवरील मजकुरावरून नव्हे, तर दुकानातच आपले सिम घालून व एक कॉल लावून पाहावे.

बांधावरची परीक्षा

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच आपल्या शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र व त्या जागेचे अक्षांश-रेखांश यांसह करावी, अशी ही पद्धत आहे. या कामी यंत्रात चार गोष्टी हव्यात : कॅमेरा, जीपीएस, बरा पडदा आणि माहिती पाठविण्यास रेंज. शेतात रेंज नसेल तर नोंद यंत्रातच साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठविता येते. या चारांत बोलण्याचा फोन कोठेच नाही, असे कोणी म्हणेल.

परंतु नोंदणीचा आरंभच मोबाइल क्रमांकाने होतो. पीएम किसानची ई-केवायसी घ्या, बँकेचे काम घ्या, आधारशी जोडलेले कोणतेही काम घ्या. ओटीपी नावाचा जो क्षणभंगुर आकडा येतो तो फोनवरच्या संदेशात येतो. टॅबलेट एकाजवळ आणि आधारशी जोडलेला फोन शहरात गेलेल्या मुलाजवळ असला म्हणजे, ‘आकडा सांग, आकडा सांग’ म्हणून बाप इकडून ओरडत असतो आणि तोवर आकड्याची मुदत संपून जाते. हे चित्र गावोगाव दिसते. यास्तव ज्या यंत्रावर शासकीय काम करावयाचे, त्या यंत्रात संदेश घेणारे सिम असणे ही चैन नव्हे, गरज आहे. सिम त्याच शेतकऱ्याच्या नावाचे असले तर अधिक चांगले.

बोलण्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून सुरू आहे, त्याचा क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे, आणि तेथे लिहून नव्हे तर बोलून सल्ला मिळतो. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आपत्तीसाठी ११२ हा क्रमांक आहे. साप चावला, विहिरीत कोणी पडले, फवारणीचे औषध अंगावर गेले, अशा वेळी इंटरनेट दाखविणारे पण कॉल न लावणारे यंत्र हाती असून नसल्यासारखे होते. व्हॉट्सॲपवरून बोलता येते हे खरे, परंतु १०८ ला व्हॉट्सॲपवरून बोलाविता येत नाही.

दुसरी बाजू

येथवर वाचून खिशातील टॅबलेट फोन असलाच पाहिजे असा निर्णय कोणीही देईल, आणि खिशात मावणाऱ्या यंत्रापुरता तो योग्यही आहे. परंतु शेतकऱ्यास दुहेरी अवजाराचा गुण व दोष दोन्ही ठाऊक असतात. दोन चाड्यांची पाभर एकाच फेरीत बी व खत दोन्ही पेरते. बैलांची एक फेरी वाचते आणि वाफसा हातचा जात नाही. पण एका नळीत माती बसली की सारे औत उभे करावे लागते. जनावरांतही तेच आहे. देवणी जातीची गाय दूध देते व तिचे गोऱ्हे औताला चालतात, म्हणून ती लहान शेतकऱ्यास परवडते. परंतु निव्वळ कामाच्या चपळाईत खिल्लारी बैलच लोकांस पसंत पडतो.

फोन व टॅबलेट एकत्र झाले म्हणजे बॅटरी एकच उरते. उन्हात पडदा पूर्ण उजळून, जीपीएस चालू ठेवून पाच-सहा गटांच्या नोंदी केल्या की ती झपाट्याने उतरते. त्यातही रेंज दुबळी असेल तर मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी यंत्र आपली शक्ती वाढविते व बॅटरी आणखी खाते. म्हणजे जेथे मदत मागण्याची पाळी येण्याचा संभव अधिक, त्याच आडरानात फोन लवकर मरतो. सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांवर काम करणाऱ्यांनी याचा अनुभव घेतलेला आहे. फोनचा हॉटस्पॉट करून टॅबलेटला इंटरनेट पुरविणे, म्हणजे नोकियाचीच २००५ सालची युक्ती, हा उपायही बॅटरीच्या बाबतीत महागच पडतो. तेथे दोन यंत्रांच्या दोन बॅटऱ्या एकदम उतरतात.

स्वस्त यंत्रावर अनेक कामे लादल्याने काय होते, तेही पाहण्यात आलेले आहे. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी त्यांना दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. यंत्राची स्मृती अपुरी, ते तापते व अडकते आणि त्यावरील नोंदीची भाषा इंग्रजी, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार फोन असण्याविषयी नव्हती, यंत्राच्या बळापेक्षा त्यावर घातलेल्या भाराविषयी होती. दुहेरी काम घ्यावयाचे तर यंत्र त्या बळाचे घेतले पाहिजे, नाही तर एकेरी कामाचे घेऊन थांबलेले बरे.

मग करावे काय?

सहा-साडेसहा इंचांपर्यंतचे, खिशात जाणारे यंत्र घ्यावयाचे असेल तर ते फोनच घ्यावे. फोनविना खिशातील टॅबलेटचा काळ संपला आहे व तो शोधत बसण्यात अर्थ नाही. आठ-दहा इंची टॅबलेट पिशवीत राहतो. नकाशे दाखविणे, गावसभेत किडीची चित्रे दाखविणे, अर्ज भरणे यांस तो उत्तम. त्यात इंटरनेटसाठी व ओटीपीसाठी सिम असावे. कॉल लागत असेल तर ठीकच, पण त्यावर विसंबू नये. त्याच्या जोडीला कळा असलेला साधा फोन खिशात ठेवावा. त्याची बॅटरी दिवसेंदिवस टिकते आणि पावसाच्या चार थेंबांनी तो घाबरत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. जुना टू-जी फोन प्रत्येक कंपनीच्या सिमवर चालत नाही. जिओची सेवा मुळात फोर-जीचीच असल्याने तिचे सिम अशा फोनमध्ये निरुपयोगी ठरते. म्हणून आपल्या वाडीवर कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते आधी पाहावे, तीस चालेल असाच फोन घ्यावा, आणि दोन यंत्रांत शक्यतो दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिम ठेवावी. एका मनोऱ्याची वीज गेली तर दुसरा कामी येतो.

शासकीय कामासाठी टॅबलेट मिळालेल्या कार्यकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. त्यात फोन असला म्हणजे त्याचा क्रमांक गावात पसरतो. शेतकरी तो आपल्या वहीत लिहून ठेवतात, घराच्या भिंतीवर कोळशाने लिहितात. पुढे बदली झाली आणि क्रमांक माणसाबरोबर गेला, अगर यंत्र कपाटात बंद झाले, तर कपाशीवर बोंडअळी दिसल्यावर त्या क्रमांकावर लावलेला फोन वाजतच राहतो. सबब यंत्र ज्या कामासाठी आहे त्या कामाचा क्रमांक त्या जागेशीच बांधलेला असावा, आणि जाणाऱ्याने यंत्र, चार्जर व सिम ही तिन्ही येणाऱ्याच्या हाती चालू स्थितीत द्यावीत. येणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात त्यातील यादीवरून गावच्या दहा-बारा शेतकऱ्यांस स्वतः फोन करून आपले नाव सांगावे.